चिंचेला शिडी लावणाऱ्यास

चिंचेला शिडी लावणाऱ्या गृहस्था,

मंगळवारी पहाटे तू आमच्या गल्लीतल्या चिंचेवर चढलास, कोयत्याने ढोलीचं तोंड फोडलंस आणि राघूची चार पिल्लं पिशवीत घालून निघालास. दूधवाल्याने हटकलं तर म्हणालास, "फांदी पडायला आलीय, बघत होतो." झाडांची एवढी काळजी! पण काळजीवाहू माणूस काळोखात येत नाही आणि हातातली पिशवी पाठीमागे लपवत नाही.

दूधवाल्याने तरीही आत पाहिलं. थोरल्याला पंखांवर हिरवे कोंब फुटलेले, धाकटं अजून गुलाबी, उघडं. पहिलं अंडं घातल्यापासूनच मादी उबवायला बसते, म्हणून भावंडं मागेपुढे जन्मतात. धाकट्याला अजून आईची ऊब लागत होती रे. पिशवीत ते थोरल्यांच्या खाली चेपलेलं होतं.

तुला दहा मिनिटं लागली. मी जानेवारीपासून ते घर उभं राहताना बघत होते. भोक मूळचं सुतारपक्ष्याचं. राघूच्या जोडीने चोचीने कुरतडून ते आपल्यापुरतं रुंद केलं. खाली लावलेल्या माझ्या स्कूटरच्या सीटवर रोज सकाळी लाकडाचा चुरा पडायचा. गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला नर फांदीवरून तिरपा तिरपा सरकत तिच्याजवळ जायचा, एक पाय उचलायचा आणि मान खालीवर करत गिळलेला घास पुन्हा वर आणून तिच्या चोचीत द्यायचा. पुढे ती आत बसली. तीन आठवड्यांहून जास्त काळ अंडी तिनेच उबवली, आणि तिला भरवायला तो यायचा.

आता तुझा धंदा. "नर आहे, महिन्यात बोलायला लागेल," असं सांगून तुम्ही लोक पिल्लू विकता. नराला कंठ फुटतो तोच साधारण तिसऱ्या वर्षी. तोवर नर-मादी सारखीच दिसतात. म्हणजे झाडावर चोरी आणि बाजारात थाप. बोलण्याचं म्हणशील, तर तो थव्यातला पक्षी आहे. थवा हिरावून घेतला की माणसांचेच आवाज काढतो, कारण ऐकायला दुसरं कुणी उरत नाही. त्याच्या "मिठू मिठू"चं कौतुक मला म्हणूनच ऐकवत नाही.

तुझ्या गिऱ्हाइकांनाही सोडणार नाही. "आम्ही पोटच्या पोरासारखा जपतो, मिरची देतो, पेरू देतो." पंख छाटलेलं पोटचं पोर? हा पक्षी सांजेला मैलभर उडून शेकडोंच्या कल्लोळात झोपायला जातो, आणि तुम्ही त्याला हातभर सळ्यांत ठेवता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला रानातला पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हे सगळंच गुन्हा आहे. पिंजरा गॅलरीत टांगणाऱ्यांना हे माहीत नसतं असं मला वाटत नाही.

राघू नुकसान करतो, ते मला माहीत आहे. माझ्या माहेरी ज्वारी भरात आली की माळ्यावर बसावं लागे. एका कणसातले चार दाणे खाऊन तो दुसऱ्यावर जातो, अर्धा पेरू टाकून नवा फोडतो. आबा गोफण फिरवत, शिव्या देत. पण त्याला पकडून विकावा, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

पिल्लं अजून तुझ्याकडे असतील तर वनविभागाच्या हवाली कर. वाचतील. मी तक्रार दिली आहे, दूधवाला साक्षीला तयार आहे.

काल संध्याकाळी नर ढोलीशी आला होता. फुटलेल्या तोंडातून त्याने मान आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मादी वरच्या फांदीवर बसून ओरडत होती. अंधार पडेपर्यंत त्याच्या गळ्यातला घास तसाच होता.

चिंचेसमोरच्या घरातली