भाऊकाकांचं सांबर

स्वारगेटजवळ राहणाऱ्याच्या घरी पाहुणे दोनच कारणांनी येतात: गाडीला वेळ असतो म्हणून, नाहीतर गाडी चुकली म्हणून. आमच्या मुकुंदनगरच्या घरात अशा पाहुण्याला चहा मिळे, पोहे मिळत आणि भाऊकाकांची शिकार ऐकावी लागे. कोल्हापूरची गाडी तासाभराने असली तर काका हाकाऱ्यापासून सुरुवात करत. वीसच मिनिटं असली तर थेट गोळीपासून. रात्रीची गाडी रद्द होऊन मुक्कामाला राहिलेल्या एका व्याह्यांना तर भोर संस्थानच्या विलीनीकरणापासून ऐकावं लागलं होतं. ते परत आले नाहीत.

शिकार १९६४ च्या थंडीतली, भोरच्या पुढे हिरडोशीच्या रानातली. तेव्हा १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा होता, आणि रीतसर परवाना काढला की बंदूक घेऊन रानात जाता यायचं. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, कचेरीतले, कागदाला पक्के. त्यांनी अर्ज केला, फी भरली, पावती फाईलला लावली. त्या अख्ख्या मोहिमेतला तेवढा एकच कागद असा आहे की ज्यावर घरात आजवर वाद झालेला नाही.

अण्णांना हे वेड कोल्हापुरात लागलं. छत्रपतींचे चित्ते काळविटांवर सोडत, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, कळप दिसला की झापड काढायची. पुढे आपल्याकडचे चित्ते संपत आल्यावर दरबाराने आफ्रिकेतून मागवले. अण्णांना चित्ता परवडण्यासारखा नव्हता. त्यांनी दोन मुलगे बरोबर घेतले, भाऊकाका आणि नानाकाका. शिवाय तालमीतले पैलवानमामा, आणि पेट्रोमॅक्स पेटवायला माझे वडील, वय वर्षं अकरा.

स्वारगेटच्या स्टँडवर भोरच्या गाडीत बसताना बंदूक सतरंजीत गुंडाळलेली होती. परवाना खिशात असताना लपवायचं कारण नव्हतं, पण कंडक्टरने “हे काय?” विचारल्यावर नानाकाकांच्या तोंडून “तंबोरा” निघून गेलं. कंडक्टर भजनी मंडळातला निघाला. कापूरहोळला गाडी वळेपर्यंत त्याने दम धरला, मग म्हणाला, “बुवा, होऊ द्या एखादा अभंग.” नानाकाकांनी भोर येईपर्यंत गायलं. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने उतरताना त्यांच्या पाया पडून पाच पैसे ठेवले. आजी म्हणायची, लोकांना कात्रजचा घाट दाखवायची सवय ह्या बापलेकांना त्याच प्रवासात लागली.

मुक्काम एका धनगराच्या रिकाम्या वाड्यात. अण्णांचा हुकूम असा की भाजीपाला घ्यायचा नाही, तिकडे मटणच खायचंय. आजीने मान डोलावली आणि वळकटीच्या तळाशी डाळीच्या पिठाचा डबा, कांदे आणि लसणीची चटणी भरून दिली. मुक्कामभर मंडळी पिठलं खात होती. पैलवानमामांनी दुसऱ्या दिवशी पिठल्यालाच “रस्सा” म्हणायला सुरुवात केली, म्हणजे निदान कानाला बरं.

मुख्य प्रसंग तिसऱ्या रात्रीचा. तो वडिलांनी मला एकट्याला सांगितला, तेही काका गावाला गेलेले असताना. जांभळाच्या झाडावर मचाण बांधलेलं, खाली पाणवठा. अण्णा बंदूक घेऊन बसलेले, शेजारी दोन्ही काका, वडील फांदीला धरून. पैलवानमामा वजनामुळे खालीच. थंडी अशी की अण्णांचे दात वाजत होते आणि भाऊकाका हळूच म्हणत होते, “अण्णा, आवाज.” मध्यरात्र उलटल्यावर झाडाखालून भुंकण्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. भाऊकाका वैतागले. वाडीतलं कुत्रं इथवर आलं, आता जनावर कसलं फिरकतंय! त्यांनी खिशातला खडा काढून भिरकावला आणि मोठ्यांदा ओरडले, “हाड! हाड!”

ते भेकर होतं. भेकर कुत्र्यासारखंच भुंकतं, हे पुण्यात पेठेत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितलेलं नव्हतं. सकाळी चिखलात इवलेसे दुभंगलेले खूर दिसले. वाड्यावर दूध घालायला आलेला धनगर ते बघून एवढा हसला, की दुधाचे पैसे घ्यायला विसरला. आमच्या घराण्याने जवळून पाहिलेली बाकी सगळी हरणं पेशवे पार्कातली, फुलराणी आगगाडीत बसून.

तरीही मंडळी परत आली ती शिंगं घेऊन. जाडजूड, खरखरीत, प्रत्येकाला तीन टोकं. सुताराकडून शिसवी पाटी करून ती बैठकीत लावली. बुंध्याशी दातांच्या खुणा होत्या. सांबराची आधी बिबट्याशी झटापट झाली होती, असं काका सांगत. पाहुणे त्या खुणांवरून बोट फिरवत आणि घड्याळाकडे बघत.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि काका एकदम संवर्धनवादी झाले. “आम्ही होतो म्हणून संपली हो सगळी,” असं ते काळविटांबद्दलही हळहळत म्हणत.

खरी पंचाईत २००३ मध्ये झाली. ठरावीक वन्यप्राण्यांच्या कातड्या, शिंगं, ट्रॉफ्या घरात असतील त्यांनी १८० दिवसांत वनखात्याला कळवावं, असा नियम निघाला. घर हादरलं. नानाकाका शिंगं माळ्यावर टाका म्हणाले, आत्या कालव्यात टाका म्हणाली. शेवटी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आतेभावाला बोलावलं. त्याने खुर्चीवर चढून पाटी उतरवली, चष्मा कपाळावर घेतला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.

“भाऊमामा, सांबर दरवर्षी शिंगं टाकतं. ही गळून पडलेली आहेत. बघा, बुंधा कसा गोल आहे. मारलेल्या जनावराचं असतं तर कवटीचा तुकडा आला असता.”

“आणि बिबट्या?”

“साळिंदर. कॅल्शियमसाठी कुरतडतं.” मग जरा खाकरून म्हणाला, “शिवाय दोन्ही डावीच आहेत.”

बैठकीत शांतता पसरली. कायद्याची भीती बाजूलाच राहिली, आता घराण्याची इज्जत चालली होती. भाऊकाकांनी तंबाखू मळली, बार भरला आणि शांतपणे म्हणाले, “म्हणूनच मी म्हणतो, दोन सांबरं होती.”

आजी तेव्हा पंच्याऐंशीची. कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता बोलली, “काडतुसं बारा नेली होती, बारा परत आली. मीच मोजून कपाटात ठेवली.”

“ती अण्णांची. पैलवानमामांची बंदूक वेगळी होती.”

पैलवानमामांकडे बंदूक होती, ही बातमी एकोणचाळीस वर्षांनी फुटली. मामा तोवर गेले होते, त्यामुळे ती खोडायला कोणी नव्हतं. पुढे गोष्टीत दोन गोळ्या, दोन सांबरं आणि दोन बिबटे आले. ऐकायला आता वेळ जास्त लागतो. स्वारगेटला मेट्रो भुयारातून यायला लागल्यापासून पाहुणे मात्र चहाही न घेता परस्पर जातात, ही काकांची सरकारविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडे नोव्हेंबरअखेरीस बंदुकीने हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो, कित्येक शाळांना त्यासाठी सोमवारी सुट्टी असते. आजोबा, बाप, नातू लाकडी केबिनमध्ये जाऊन राहतात. त्याला एका सहकाऱ्याने अशा कॅम्पला बोलावलं. ही बातमी कळल्यावर भाऊकाकांनी व्हिडिओ कॉल लावायला लावला. वय सत्त्याऐंशी, कानाला यंत्र, पण आवाज तोच मचाणावरचा.

“कपडे काय घालणार?”

“भडक नारिंगी, आजोबा. कायदाच आहे, एकमेकांवर गोळी चालू नये म्हणून.”

“नारिंगी? अरे, हरीण बघेल ना!”

“हरणाला तो रंग नीट ओळखू येत नाही.”

“अमेरिकेतल्यांना येत नसेल,” काका म्हणाले. मग खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे बघितलं, मोबाइल तोंडाजवळ ओढला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, शिंगं उचलशील तेव्हा एक डावं घे, एक उजवं.”