दिसला का हो?

मला पक्षी दिसत नाहीत. डोळ्यांना काही झालेलं नाही. बसची पाटी मी वळणावरून वाचतो आणि पंगतीत जिलबीचं ताट कुठल्या टोकाला आहे ते मांडवाच्या दारातून सांगतो. पण "तो बघा, तो बघा" म्हणून कोणी बोट दाखवलं, की त्या बोटाच्या पुढे मला फक्त झाड दिसतं. झाड मात्र स्वच्छ दिसतं.

बायको निवृत्त झाली आणि तिने दुर्बीण घेतली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी हे लपवत आलो आहे. भिगवणला होडीतल्या दहा जणांना एकदम काहीतरी दिसतं. अशा वेळी "कुठे?" हा प्रश्न एकदा विचारलेला चालतो. दुसऱ्यांदा विचारला तर लोक समजावून सांगतात. तिसऱ्यांदा विचारला तर पक्ष्याला सोडून सगळी होडी आपल्याकडे बघते. म्हणून मी एक पद्धत बसवली आहे. दुर्बीण लावायची, मनात तीन आकडे मोजायचे, "वा!" म्हणायचं आणि जरा वेळाने हलक्या आवाजात विचारायचं, "मादी असावी का?" या एका प्रश्नावर भिगवणात मला मान आहे.

मुलगी-जावई कंपालाला असतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा विषुववृत्तावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला. जिंजाला, नाईल जिथे सरोवरातून बाहेर पडते तिथे, पाण्यात हात बुडवून झाले. पूजेआधी गणपती-पुण्याहवाचन उरकावं तसं बायकोने हे सगळं उरकलं. तिची पूजा वेगळीच होती. तिला शूबिल बघायचा होता.

शूबिल म्हणजे चार-साडेचार फूट उंचीचा, पाटीच्या रंगाचा पक्षी. चोच थेट जोड्यासारखी. अरबीत त्याला 'अबू मरकूब', म्हणजे 'जोड्याचा बाप' म्हणतात. जॉन गूल्ड यांनी १८५० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याच्या शेवटी 'रेक्स' म्हणजे राजा आहे. भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या. इथे राजाने पादुका तोंडालाच बांधल्यात. पूर्वी त्याला करकोच्यांच्या पंगतीला बसवत, आता डीएनए तपासून पेलिकनांच्या जवळ हलवलं आहे. जगात हे पक्षी काही हजारच उरलेत. बायकोने ही सगळी माहिती मला आठवडाभर ऐकवली. मी त्यातलं फक्त 'चार-साडेचार फूट' पकडलं. एवढं धूड मलाही दिसेल, असं वाटून मी बऱ्याच वर्षांनी निश्चिंत झोपलो.

पहाटे पाचला निघालो. डांबरी रस्ता सोडल्यावर लाल मातीचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना केळी, आणि गाडीत डोळे मिटले तर राजापुरात आल्यासारखे धक्के. माबांबा दलदलीच्या धक्क्यावर सात वाजता पोचलो. 'धक्का' म्हणजे चिखलात टाकलेल्या चार फळ्या. तिथे एक तरुण गाइड आणि एक त्याहून तरुण नावाडी उभे होते. गाइडने मला 'सेबो' आणि बायकोला 'न्याबो' म्हणून हाक मारली. लुगांडा भाषेत साहेब आणि बाई. पुढे दिवसभर तो सगळं न्याबोलाच सांगत होता. माणसं ओळखण्यात ही मंडळी तयार असतात.

होडी लांब, अरुंद, लाकडी. बसायला आडवी फळी. मला नारिंगी जाकीट चढवलं, त्याचा खालचा बंद पोटापाशी भेटेना, तेव्हा नावाड्याने सुतळी आणली. असा सुतळीने बांधलेला, गुडघे हनुवटीला टेकलेले, मी मधल्या फळीवर स्थापन झालो. पुढे बायको, तिच्यापुढे गाइड, मागे नावाडी. मोकळ्या पाण्यात मोटर चालते. पुढे वाट अरुंद झाली की मोटर बंद आणि लांब बांबूने रेटणं सुरू. दोन्ही बाजूंना पपायरस, म्हणजे दोन पुरुष उंचीचं लव्हाळं, डोक्यावर झिपऱ्या. पाण्यावर जांभळी कुमुदं. पाण्याचा आवाजसुद्धा दबका.

आणि तिथे मला पक्षी दिसला! पाण्यावर एका जागी पंख फडफडवत लटकलेला, काळा-पांढरा. आपला कवड्या खंड्या, भिगवणचा, जसाच्या तसा इथेही. पाच वर्षांत पहिल्यांदा मी बोट दाखवलं आणि ओरडलो, "तो बघ, तो बघ!" बायको दुसऱ्या बाजूला कमळपक्ष्याकडे बघत होती. ती वळेपर्यंत खंड्याने सूर मारला आणि लव्हाळ्यामागे गेला. "कुठे?" तिने विचारलं. मी बोट दाखवलेल्या जागी लव्हाळं होतं.

"असेल," ती म्हणाली.

वाटेत गाइड बोलत होता. त्याचे वडील इथलेच कोळी. शूबिल दिसला की त्या दिवशी जाळ्यात काही येत नाही, अशी इथल्या कोळ्यांची समजूत, म्हणून दिसला की मारायचे. त्यात समजूत किती आणि धंद्यातली भाऊबंदकी किती, देव जाणे, कारण कोळ्याला हवा असलेलाच मासा पक्ष्यालाही हवा असतो. तो फुप्फुसमासा. त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं. शूबिल नेमका तिथे तासन् तास पुतळ्यासारखा उभा राहतो आणि मासा वर आला की अंगासकट त्याच्यावर कोसळतो. या माशाला लुगांडात 'मांबा' म्हणतात आणि गाइडचं कूळही मांबाच. त्यामुळे तो हा मासा खात नाही. "म्हणजे देवक!" बायको आनंदाने म्हणाली आणि आमच्याकडचं देवक त्याला समजावून सांगू लागली. दोन देशांचं गोत्र जुळलं. माझे गुडघे मात्र कुणाशीच जुळत नव्हते.

मग गाइडने हात वर केला. बांबू थांबला.

"देअर," तो कुजबुजला. "त्या पपायरसच्या शेजारी."

माबांबाची दलदल सुमारे २४०० हेक्टर आहे. २००६ पासून ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. आणि तिच्यात मुख्यतः पपायरसच आहे.

बायकोच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी मुलीच्या जन्माच्या वेळी ऐकला होता. मी दुर्बीण लावली. लव्हाळं. थोडं डावीकडे, लव्हाळं. मध्ये एक राखाडी खुंट, पुन्हा लव्हाळं. एक, दोन, तीन. "वा!" मी म्हणालो.

"दिसला का हो?"

"अगं, म्हणजे काय! मादी असावी का?"

इथपर्यंत सगळं भिगवणसारखं पार पडलं. पण एवढ्यात मागून दुसरी होडी आली. तिच्यात तोफेएवढ्या लेन्सा घेतलेले तिघे होते. त्यांतल्या एकाने आपल्या गाइडला मोठ्याने सांगितलं, की लव्हाळ्यावर बांबू आपट, पक्षी उडाला की फोटो चांगला येतो, वरचे पैसे देतो. माझी करमणूक तिथे संपली. शूबिलची जोडी बहुधा दोन अंडी घालते आणि बहुधा एकच पिल्लू जगतं, हे बायकोने आठवडाभर सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो, पण त्या क्षणी सगळं आठवलं आणि तोंडात अस्सल मराठी शिवी आली. त्यांच्या गाइडने मान हलवली, पैसे नाकारले आणि होडी मागे घेतली. बरं केलं.

आमचा गाइड म्हणाला, "जास्त गर्दी करायची नाही. न्याबोने पाहिला, सेबोनेही पाहिला. चला."

होडी वळली. मी पाहिला होता ना!

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. इतका खर्च, इतके गुडघे, चार-साडेचार फुटांचा पक्षी, आणि मी लव्हाळं बघून परत चाललो होतो. अर्ध्या वाटेत गाइड मागे वळून म्हणाला, "सेबो, फोटो दाखवा." मी मोबाइल दिला. त्याने एकेक फोटो सरकवला. चौदा होते. "पपायरस," तो म्हणाला. "पपायरस. पपायरस. हे तुमचं बोट." मग अतिशय सभ्यपणे विचारलं, "शूबिल कुठे आहे?"

मी बायकोकडे बघितलं. ती कुमुदांकडे बघत होती.

"मला दिसला नाही," मी मराठीत म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "भिगवणपासून माहीत आहे."

मग तिने गाइडला इंग्रजीत सांगितलं. गाइडने नावाड्याला लुगांडात सांगितलं. नावाडी बांबूला धरून एवढा हसला की होडी हलली. त्या बोलण्यातला मला एकच शब्द कळला, 'मझे', म्हणजे म्हातारा. होडी परत वळली.

आणि मग पाऊस. सरोवरावरून आला आणि सरळ आमच्यावर पडला. लवकर पोचायला म्हणून नावाड्याने मोटर लावली. ती शंभर हात चालली आणि पंख्याला वेली गुंडाळून बंद पडली. तो मागे ओणवा होऊन वेली कापायला लागला. वारा होडीला ढकलून लव्हाळ्यात घुसवू लागला. पपायरसची जमीन म्हणजे तरंगतं गवत. बांबू तिच्यात जातो, पण टेकत नाही. होडीत पाणी साठलं. माझ्या हाती पिवळा कॅन कापून केलेलं डबडं आलं. मी पाणी उपसू लागलो. जावयाने कौतुकाने दिलेले नवे बूट पाण्यात, मुलीने बांधून दिलेल्या दशम्या पाण्यात, पाठीत कळ. मी उपसत होतो आणि बोलत होतो. पर्यटनावर बोललो, रामसरवर बोललो, दुर्बिणीचा शोध लावणाऱ्यावर बोललो. "म्पोला म्पोला," नावाडी म्हणाला. सावकाश, सावकाश. मी आणखी जोरात उपसलं. पाऊण तास.

पाऊस थांबला तेव्हा बायको निथळत होती आणि दुर्बीण पदराखाली धरून बसली होती. बत्तीस वर्षं तिने बँकेत ज्या खिडकीशी काम केलं, तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. हे मला त्या होडीत का आठवलं, सांगता येत नाही. मी बोलणं बंद केलं.

लव्हाळ्यातून सुटून, रेटत रेटत, आम्ही त्याच जागी पोचलो. बाकीच्या होड्या गेल्या होत्या. गाइडने बोट दाखवलं. मी बघितलं. लव्हाळं, लव्हाळं, राखाडी खुंट.

"तो खुंट?"

खुंटाने डोळ्यावर पापणी ओढली आणि परत उघडली.

तासाभरापूर्वी मी त्याच्याकडेच बघत होतो. तो जागचा हलला नव्हता. पाऊस पडला, आम्ही गेलो, आम्ही आलो, तो फुप्फुसमाशासाठी उभाच. फिकट पिवळा डोळा, डोक्यामागे छोटासा तुरा, आणि ती चोच, पावसात भिजलेल्या जुन्या जोड्यासारखी. तो आमच्याकडे बघत होता, किंवा आमच्यातून पलीकडे. मी "वा" म्हणायचं विसरलो. जरा वेळाने लक्षात आलं, की बायको पक्ष्याकडे बघतच नाहीये. ती माझ्याकडे बघत होती.

रात्री कंपालात तिने वही काढली. शेवटच्या पानांवर माझ्या नावाची वेगळी यादी आहे, हे मला तेव्हा कळलं. मी दिसला म्हटलेले पक्षी पेन्सिलीने, खरोखर दिसलेले पेनने. पेन्सिलीत दोनशे अकरा. पेनने त्या दिवसापर्यंत सात, त्यांत कावळा आणि चिमणी धरून. शूबिल तिने पेनने लिहिला, आठवा.

माबांबाचा कवड्या खंड्या अजून पेन्सिलीत आहे. तो मी खरंच पाहिला होता.