हनुवटी थोडी खाली

(सोलापुरातला एक जुना फोटो स्टुडिओ. दर्शनी काचेत 1980 सालचं एक जोडपं अजून लाजत उभं आहे. आत गोल स्टूल आणि मागे पांढरा पडदा. स्टुलावर गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बाकावर गृहिणी, कॅमेऱ्यामागे स्टुडिओवाले. काम पाच मिनिटांचं: ज्येष्ठ नागरिक संघाच्या ओळखपत्रासाठी एक फोटो.)

स्टुडिओवाले : हनुवटी थोडी खाली. तोंड बंद.

गृहस्थ : बंदच आहे. एक विचारू का?

स्टुडिओवाले : बंद तोंडानं विचारता येत असेल तर विचारा.

गृहस्थ : आमच्या संघाची सहल चाललीय. वेरूळ-अजिंठा. 42 सभासद. फोटोंची जबाबदारी माझ्यावर. तेवढं फोटोग्राफीचं बेसिक सांगून टाका.

गृहिणी : बसल्या बसल्या. पोहायलाही असेच शिकणार होते हे, विहिरीच्या काठावर बसून.

स्टुडिओवाले : जबाबदारी यांच्यावर का?

गृहिणी : फोन सगळ्यात महाग यांचा.

गृहस्थ : आणि अनुभव! मागच्या वर्षी हरिहरेश्वरला 614 फोटो काढले मी. दोन दिवसांत.

स्टुडिओवाले : 614! माझा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. रोलमध्ये फोटो बारा. तेरावा काढायचा तर पुन्हा पैसे. त्यामुळे बटण दाबायच्या आधी आम्ही समोर बघायचो. तुम्ही दाबून झाल्यावर बघता. द्या इकडे.

(फोन हातात घेतात, खिडकीकडे तिरका धरतात.)

स्टुडिओवाले : हे सगळे फोटो दुधाळ का?

गृहस्थ : धुकं होतं त्या दिवशी.

स्टुडिओवाले : हरिहरेश्वरला? एप्रिलमध्ये?

गृहिणी : चिवडा होता.

स्टुडिओवाले : लेन्सवर तेलाचं बोट लागलंय. उजेड त्यावर पसरतो आणि सगळा फोटो पांढुरका होतो. चष्म्याचं फडकं आहे ना? त्यानं आधी लेन्स पुसायची. शर्टाच्या टोकानं नको. एवढं केलंत तरी निम्मं धुकं उठेल.

गृहस्थ : अहो, हे काय बेसिक? मला ते अॅपर्चर, शटर, आयएसओ सांगा. संघात विचारतात लोक.

स्टुडिओवाले : बरं. अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. उजेड त्यातून आत येतो. दोन नंबरचं भोक मोठं, सोळा नंबरचं बारीक.

गृहस्थ : उलटं झालं ना हे? आकडा मोठा तर भोक मोठं पाहिजे.

स्टुडिओवाले : गिरणीत कुठल्या खात्यात होतात?

गृहस्थ : सूतकताई. 34 वर्षं.

स्टुडिओवाले : वीस नंबरचं सूत आणि ऐंशी नंबरचं सूत. जाड कुठलं?

गृहस्थ : वीस. हे काय विचारणं झालं? ऐंशी म्हणजे तलम.

स्टुडिओवाले : या उलट्या हिशोबावर 34 वर्षं पगार घेतलात, तेव्हा शंका आली नाही?

(गृहिणी पदर तोंडाला लावते.)

गृहस्थ : नाही, तिथं कारण आहे. ठरावीक वजनात जितकी जास्त लांबी बसेल तितका नंबर मोठा. म्हणजे सूत बारीक.

स्टुडिओवाले : इथंही भागाकारच. लेन्सच्या केंद्रांतराला त्या आकड्यानं भागायचं, येईल तेवढी भोकाची रुंदी. दोननं भागलं तर मोठा वाटा, सोळानं भागलं तर लहान. मोठ्या भोकानं माणूस स्पष्ट येतो, मागचं सगळं पुसट. बारीक भोकानं माणूस आणि मागचं देऊळ, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट.

गृहस्थ : वा! तलम म्हणजे स्पष्ट. मग माझ्या फोनला सोळा नंबर कुठून लावायचा?

स्टुडिओवाले : लावता येत नाही. बहुतेक फोनांचं भोक एकच असतं, बदलत नाही.

गृहस्थ : मग सांगितलंत कशाला?

स्टुडिओवाले : संघात विचारतात म्हणून.

गृहिणी : अहो, तो सूर्यास्त दाखवा ना यांना. हा बघा. अकरा बायका उभ्या आहेत यात.

स्टुडिओवाले : कुठं?

गृहिणी : त्या काळ्या दिसतायत त्या. साडी नवी होती माझी, आमसुली. या फोटोवरून अध्यक्षांच्या बायकोनं महिनाभर अबोला धरला.

गृहस्थ : सूर्य बघ ना किती सुंदर आलाय!

स्टुडिओवाले : सूर्य आलाय, कारण फोननं उजेड मोजला तो त्याचा. मागं झगझगीत आभाळ आणि पुढं माणसं, दोन्ही एकदम पेलत नाही त्याला. आभाळ धरलं की माणसं कोळसा, माणसं धरली की आभाळ पांढरं फटक. पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, मग तो चेहऱ्याचा उजेड धरतो. नाहीतर सरळ त्यांची तोंडं सूर्याकडे करा.

गृहस्थ : मग फोटोत सूर्यास्त कुठं दिसणार?

स्टुडिओवाले : सूर्यास्त वेगळा काढा. अध्यक्षांच्या बायकोवाचून त्याचं काही अडत नाही. आणि हा समुद्र असा का?

गृहस्थ : कसा?

स्टुडिओवाले : बाणकोटच्या बाजूला कलंडलाय. आणखी थोडा वेळ धरला असतात तर सांडला असता. फोनमध्ये आडव्या-उभ्या रेघा चालू करता येतात, क्षितिज त्या रेघेवर टेकवायचं.

गृहस्थ : रेघा माहितीयत मला! तीन भाग करायचे आणि माणूस मधोमध न ठेवता एक तृतीयांशावर. (स्टूल डावीकडे सरकवत) माझाही तसाच घ्या ना. बरं दिसेल.

स्टुडिओवाले : ओळखपत्र आहे हे, लेणं नाही. मध्ये या.

गृहिणी : आणि मी या ग्रुप फोटोत एवढी रुंद कशी दिसतेय हो? खरं सांगा.

(गृहस्थ एकदम छताचा पंखा न्याहाळू लागतात.)

स्टुडिओवाले : वहिनी, तुम्ही अगदी कडेला उभ्या होतात. फोनची लेन्स रुंद पट्टा घेते, त्यामुळे कडेची माणसं ताणली जातात. यांनी चार पावलं मागं जाऊन काढायला हवा होता.

गृहिणी : ऐकलंत? लेन्स! आणि जेवायला वाढलं की मला काय ऐकवत होतात?

गृहस्थ : आयएसओ राहिला वाटतं.

स्टुडिओवाले : रेडिओवर स्टेशन क्षीण लागलं की आवाज वाढवतो ना, त्याबरोबर खरखरही वाढते. तसंच ते. अंधारात फोन आपणहून वाढवतो. अजिंठ्यात कळेल तुम्हाला. तिथं फ्लॅश मारू देत नाहीत, रंग दीड हजार वर्षांचे आहेत. कोपरं छातीशी घट्ट, श्वास धरायचा, मग बटण. एक्स-रे काढताना धरतो तसा.

गृहस्थ : मला नाही जमणार. मला बोलत बोलत फोटो काढायची सवय आहे.

गृहिणी : म्हणून तर सगळे हललेले.

गृहस्थ : ठीक आहे, वेरूळचं बोला. पूर्ण कैलास मागं, पुढं 42 जण. सगळं एका फोटोत.

स्टुडिओवाले : म्हणजे 42 मुंग्या. माणसं जवळ घ्या आणि मागं एकच काहीतरी येऊ द्या. अंगणातला ध्वजस्तंभ, नाहीतर तो दगडी हत्ती. अख्खं कैलास बाजूच्या डोंगरावर चढून वरून घ्यायचं. गुडघे बरे असतील त्यांनी. किती वाजता पोचताय?

गृहस्थ : सकाळी आठला. कोवळं ऊन.

स्टुडिओवाले : कोवळं खरं, पण लेण्याच्या पाठीमागं. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि मूर्ती उठून दिसतात. सकाळी दौलताबाद चढून घ्या, ऊन तापायच्या आत. जेवा, मग वेरूळ.

(गृहस्थ खिशातून डायरी काढतात. अशा माणसांच्या खिशात डायरी असतेच, तिला बांधलेल्या पेन्सिलीसकट.)

गृहस्थ : हे मात्र पटलं. लगेच बदलतो. सोमवारी अजिंठा आहे तसं. मंगळवारी सकाळी दौलताबाद, दुपारी वेरूळ. शनिवार-रविवार मी मुद्दाम टाळलेत. गर्दीत कसले फोटो?

(स्टुडिओवाले थांबतात.)

स्टुडिओवाले : सोमवारी अजिंठा.

गृहस्थ : हो.

स्टुडिओवाले : मंगळवारी वेरूळ. बसचे पैसे दिलेत?

गृहस्थ : पूर्ण. सहल रद्द केली तर परत मिळणार नाहीत, अशा बोलीवर. म्हणून तर स्वस्तात ठरली. ठरवली कोणी? मी!

स्टुडिओवाले : (कॅमेऱ्यामागे जात) छान. ताठ बसा. हनुवटी थोडी खाली. इकडे बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी.

(खटॅक.)

गृहिणी : (उठून कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघते) अगंबाई! तोंड उघडं आणि आवाज नाही. आठ कॉप्या सांगितल्या होत्या ना? सोळा काढा.