घर विकायला काढलेले गृहस्थ

पुण्यात कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत 1980 च्या दशकात उभ्या राहिलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या आणि लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांमध्ये जो एक मध्यमवर्गीय विक्रेता आढळतो, त्याची गणना घर विकणाऱ्यांत करावी की घर दाखवणाऱ्यांत, याविषयी दलालवर्गात मतभेद आहेत. वय पासष्टीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, मुलगा बावधनला नाहीतर थेट बोस्टनला, आणि तिसरा मजला चढवत नाही म्हणून घर विकून टाकायचे हा निर्णय पक्का झालेला, असे त्याचे सर्वसाधारण वर्णन करता येते. निर्णय पक्का होऊन दोन-तीन दिवाळ्या उलटलेल्या असतात, ही बाब तो निर्णयाच्या पक्केपणाचाच पुरावा मानतो.

किंमत ठरवण्याची त्याची पद्धत श्रुतिप्रामाण्यावर उभी आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये जी सभा भरते तिच्यात कोणाच्या तरी साडूने पलीकडच्या गल्लीतला फ्लॅट कितीला दिला हे त्याच्या कानावर येते. तो आकडा बहुधा मागितलेला असतो, मिळालेला नसतो, आणि तो फ्लॅट नव्या इमारतीतला, लिफ्टचा व दोन पार्किंगचा होता हा तपशील साडूपासून पार्किंगपर्यंतच्या प्रवासात गळून पडलेला असतो. वस्तुतः सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तातील पक्षकार, मिळकत व मोबदला यांचा सरकारी गोषवारा, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आपल्याच परिसरातील वर्षभराचे तीन-चार दस्त काढून इमारतीचे वय, मजला आणि लिफ्टचा अभाव यांची वजावट केली, तर खऱ्या भावाच्या बऱ्याच जवळ जाता येते. गृहस्थ हे दस्त पाहतो, पण मानत नाही, कारण ‘ते सगळे कागदावरचे आकडे’. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासन जाहीर करते तो विभागवार बाजारमूल्य दरांचा तक्ता, यावरही त्याचा विश्वास नाही. मात्र ज्या वर्षी त्यातले दर वाढतात त्या वर्षीचे कात्रण तो जपून ठेवतो.

क्षेत्रफळाच्या बाबतीत या गृहस्थाचे घर सजीव असल्याचा भास होतो. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र, बिल्टअप म्हणजे त्यात भिंतींची जाडी धरून येणारे, आणि सेलेबल म्हणजे त्यावर जिना, पॅसेज वगैरेंचा वाटा चढवून आलेले. 2016 च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांतील विक्रीसाठी कार्पेटचेच माप रूढ केले असले, तरी जुन्या घराच्या मालकाला त्याची झळ पोहोचत नाही, आणि 600 चौरस फुटांचे त्याचे घर जाहिरातीत सहज 820 होते. महापालिकेच्या मिळकतकराचा विषय निघाला की तेच घर पुन्हा 600 वर येते, आणि बंद करून घेतलेल्या गॅलरीची चौकशी झाली तर 560 वरही उतरते.

आपल्या मालकीची वस्तू केवळ आपली आहे म्हणून माणसाला अधिक मोलाची वाटते, या प्रवृत्तीला अर्थशास्त्रज्ञ मालकी-प्रभाव म्हणतात. कानेमन, नेच आणि थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन ते कितीला विकाल असे विचारले असता, मग नसलेले विद्यार्थी जेवढे द्यायला तयार होते त्याच्या सुमारे दुप्पट किंमत मगवाल्यांनी सांगितली. आणि तो मग त्यांच्याकडे काही मिनिटेच होता, त्यात कोणाची मुंज झाली नव्हती. पुढे जेनेसोव्ह आणि मेयर या संशोधकांनी बोस्टनमधील सदनिकांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळण्याची भीती असलेले मालक भाव चढा लावतात आणि त्यांची घरे बाजारात जास्त काळ पडून राहतात, असे दिसून आले. आपल्या गृहस्थाने घर पावणेदोन लाखांना घेतलेले असल्यामुळे खरेदीच्या हिशेबाने त्याचा तोटा होणे अशक्य आहे. त्याचा तोटा होतो तो साडूच्या आकड्याच्या तुलनेत, आणि तो रोज संध्याकाळी थोडा वाढतो.

घर विक्रीयोग्य करण्याचा प्रश्न आला की तो प्रथम रंगाऱ्याला बोलावतो. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिचे मूळ बाहेरच्या गिलाव्याच्या चिरेत आहे, आणि चीर बुजवायची तर सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्यावा लागेल. त्यापेक्षा पाडव्याच्या आधी लांबी भरून डिस्टेंपर मारणे आणि त्यावर पतसंस्थेचे मोठे कॅलेंडर लावणे सुटसुटीत पडते. श्रावणात पोपडे येतात तेव्हा कॅलेंडर वीतभर डावीकडे सरकते. घर घ्यायला आलेली माणसे कॅलेंडर उचलून भिंतीला तळवा लावतात, हे त्याला शिष्टाचाराला सोडून वाटते. याउलट ठिबकणारा नळ, लुकलुकणारी ट्यूब, पितळी हंडे आणि 1994 पासूनचे दिवाळी अंक यांनी खचाखच भरलेला माळा, ही जी कामे चार पैशांत होण्यासारखी आणि घर मोठे व उजेडाचे दाखवणारी, त्यांना तो हात लावत नाही. बैठकीतला सागवानी शोकेस मात्र तो ‘घराबरोबरच देतो’ आणि त्यापोटी किमतीत दोन लाख धरतो. तो शोकेस फोडून जिन्यावरून खाली नेण्याची मजुरी आपल्याला पडणार, एवढाच हिशेब खरेदीदार मनात करत असतो.

रविवारी सकाळी एजंट ज्यांना घेऊन येतो त्यांना व्यवहाराच्या भाषेत पार्टी म्हणतात. तरुण नवरा-बायको आणि सोबत मुलीचे वडील, अशी पार्टी तीन मजले चढून धापा टाकत येते, तेव्हा गृहस्थ त्यांना प्रथम वारा दाखवतो. नंतर ओटा दाखवतो, कडप्पा कुठून व कसा निवडून आणला ते सांगतो, आणि मुलगी पाण्याचा दाब पाहण्यासाठी नळ सोडते तेव्हा ‘आमच्याकडे पाण्याचा कधीच प्रश्न नाही’ असे म्हणत तो बंद करतो. ‘काका, शेवटचे किती?’ असे वडील विचारतात. ‘आधी घर आवडलं का ते सांगा.’ ‘आवडलं.’ हे उत्तर इतक्या झटकन आल्याने गृहस्थाला धक्का बसतो. समोरचा लगेच हो म्हणतो त्या अर्थी आपण कमी सांगितले, या अनुमानाने तो पुनर्विकासाचा विषय काढतो, बिल्डर येऊन गेल्याचे सूचित करतो आणि आकडा पाच लाखांनी वर नेतो. एजंट छताकडे पाहतो. पार्टी चहा पिऊन जाते आणि ‘कळवतो’ म्हणते. हाच फ्लॅट अन्य तीन एजंटांकडे तीन निराळ्या भावांना लागलेला आहे हे त्यांना त्याच संध्याकाळी मोबाइलवर कळते, आणि सर्वांत कमी भावावरही त्यांचा विश्वास उरत नाही.

खरी तयारी कागदांची असते. मूळ करारनामा, सूची 2, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचे पत्र एका फाईलमध्ये असले, तर गृहकर्ज घेणाऱ्या खरेदीदाराचा व्यवहार काही आठवड्यांत मार्गी लागतो. या गृहस्थाच्या शेअर सर्टिफिकेटवर मात्र अजून दिवंगत आईचे नाव पहिले असते. तिने नामनिर्देशन त्याच्या नावे केले असले, तरी नामनिर्देशनाने वारसांचा हक्क संपत नाही, त्यामुळे डोंबिवलीच्या भावाचे आणि नाशिकच्या बहिणीचे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडत असल्याचा नोंदणीकृत दस्त, लागणार असतो. भाऊ म्हणतो, ‘दादा, सही कधीही करतो, पण साधारण किती येतील?’

आणि मग फोनवर, आवाज खाली आणून, गृहस्थ सांगू लागतो की इमारत चाळीस वर्षांची, लिफ्ट नाही, पश्चिमेची भिंत दरवर्षी ओल धरते, कार्पेट म्हणशील तर जेमतेम 600, पुनर्विकासाच्या नुसत्याच गप्पा, आणि बाजार तर अगदीच थंड. एवढे सांगून तो जो आकडा उच्चारतो, तोच त्या घराचा बाजारभाव होय.