आयत्या वेळचा विषय : अळू

घरी भाजी लावायचं ठरलं तेव्हा सासूबाईंना अळू हवं होतं, मला टोमॅटो आणि मुलीला स्ट्रॉबेरी (पुण्यात, उघड्या गच्चीवर, एप्रिलमध्ये). भांडण झालंच तर यावरून होईल, असा माझा अंदाज होता. पण भाजी बाजूलाच राहिली आणि घरात दोन तट पडले : ग्रो बॅगवाले आणि वाफेवाले.

वाफेवाल्यांच्या नेत्या सासूबाई. माहेर चिपळूणकडचं. तिथे न्हाणीचं पाणी जिकडे जातं तिकडे अळू आपलं आपण येतं, त्याला कोणी लावायला जात नाही. ‘‘पिशवीतून भाजी आणतात, पिशवीत लावत नाहीत,’’ असं त्यांनी जाहीर केलं. त्यांना गच्चीत विटा रचून 10 बाय 4 फुटांचा, फूटभर खोल वाफा हवा होता.

नवरा सिव्हिल इंजिनिअर. त्यानं पेपरच्या कोऱ्या कडेला हिशेब मांडला. 40 घनफूट माती. ओली झाली की घनफुटाला 45 ते 50 किलो. म्हणजे एकूण दोन टनांच्या घरात.

‘‘आई, गच्चीवर तीन मारुती एट हंड्रेड उभ्या केल्यासारखं होईल!’’

‘‘करू देत की. खाली पार्किंगला तरी कुठे जागा आहे?’’

त्यानं मग भारतीय मानक 875 काढलं. माणसांचा वावर असलेल्या गच्चीला चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात आणि फूटभर ओली माती 500च्या पुढे जाते. मानकाचा आकडा ऐकून सासूबाई गप्प झाल्या, पण मानल्या नाहीत. या दोन गोष्टींतला फरक आमच्या घरात सगळ्यांना कळतो.

नर्सरीवाल्यानं आमच्यापुढे पिशव्या अशा काही टाकल्या की मला शालू निवडायला बसल्यासारखं वाटलं. 12 बाय 12, 15 बाय 15, दोन कानांची, चार कानांची. ‘‘220 जीएसएम आहे मॅडम, बघायचं कामच नाही.’’ बघायचं काम होतं. हलकी पिशवी दोन-तीन उन्हाळ्यांत विरते आणि कान धरून उचलावी तर कान तेवढे हातात येतात. शिवाय पिशवीतली माती चहूबाजूंनी तापते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पाणी घालावं, तर दुपारी टोमॅटोनं मान टाकलेली. वाफ्यात माती जास्त, ओल जास्त टिकते. एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी झाडं सांभाळून घेतात. सासूबाईंचं एवढं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

विषय सोसायटीच्या सभेत गेला, अर्थातच ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये. गच्चीखालच्या काकांनी आधी सगळ्यांना आपल्या बेडरूममध्ये नेलं. छतावर ओलीचा डाग, डागाभोवती पेन्सिलीची रेघ, रेघेवर तारीख. दर पावसाळ्याची वेगळी रेघ. सर्वांत जुनी 2011ची; आमच्या गच्चीत तेव्हा तुळससुद्धा नव्हती. ‘‘तुमच्यामुळे नाही हो,’’ काका समजुतीनं म्हणाले, ‘‘पण आता मला कोणाकडे तरी बोट दाखवता येईल.’’

काकांची भीती खोटी नव्हती. वाफ्याखालचा कोबा कधी वाळत नाही, आणि तडा गेलाच तर तो खालच्या बिऱ्हाडाला आधी दिसतो. पिशवी दोन विटांवर ठेवली की खालून पाणी वाहून जातं, उचलून बघताही येतं. फक्त ते लाल पाणी पावसाळी पाइपातून कोणाच्या बाल्कनीवर उडतंय, ते आधी पाहावं. आमच्या शेजाऱ्यांचा एक पांढरा शर्ट आता गुलाबी आहे.

खरी गंमत नवऱ्याच्याच हिशेबात होती. वजन पिशवीचंही नाही आणि विटांचंही फारसं नाही, वजन मातीचं. फूटभर माती पिशवीत भरा नाहीतर वाफ्यात, तिच्याखालच्या स्लॅबला काय फरक पडतो? माती कमी करायची असते. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यावर शेती करायचा मार्ग कधीच दाखवून ठेवलाय. आपण मात्र लाल मातीची पोती जिन्यानं वर चढवत बसतो. रसवंतीवाला उसाची चिपाडं फुकट देतो, उलट ‘न्या हो’ म्हणतो. खाली चिपाडं आणि नारळाच्या शेंड्या, मध्ये सुका पाला, वर गांडूळखत आणि चार बोटं माती. भरताना काठोकाठ भरायचं, कारण महिन्याभरात सगळं निम्म्यावर बसतं.

तेव्हा माझा निकाल असा. अंगण असेल तर मुकाट वाफा करा, पिशव्यांवर पैसे घालवू नका. गच्ची असेल तर वांगी, मिरची, टोमॅटो पिशव्यांत आणि त्या पिशव्या कडेकडेनं, तुळयांवर. मेथी-पालकाला वीतभर खोलीचा, सिमेंट न लावता रचलेला पाल्याचा वाफा पुरतो. पण तोही इंजिनिअरला विचारून. आणि मे महिन्यात गावाला जाणार असाल, तर पाणी घालणारा माणूस आधी शोधा. पिशवी की वाफा, ते मग ठरवा.