रिव्हाइज्ड गुरुजी

रिव्हाइज्ड गुरुजी हा प्राप्तिकर भरणाऱ्यांतला एक प्रकार असून तो नांदेड-लातूर भागात विपुल आढळतो. बहुधा तो जिल्हा परिषदेचा शिक्षक असतो. क्वचित ग्रामसेवक किंवा तलाठी. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम दरमहा एनपीएस या नव्या पेन्शन योजनेसाठी कापली जाते. म्हातारपणाची काळजी त्याला बारमाही असते, पण ती पोस्टाची पायरी चढते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मुलांच्या वहीतली वेलांटीची चूक त्याला हातभरावरून दिसते; स्वतःचे रिटर्न मात्र तो भरून झाल्याखेरीज वाचत नाही.

रिटर्न भरून देणारा कोणी नांदेडच्या वजिराबादेत बसतो, कोणी लातूरच्या गंजगोलाईत. "रिफंड काढून देतो की सर," एवढ्यावर व्यवहार ठरतो. चूक दाखवतात ते दुसरे गुरुजी, आणि तेही मुदत उलटल्यावर. २०२५ साली मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरला संपली. दुसऱ्याच दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यामुळे रिफंडाचे आकडे ताडून पाहायला झेंडावंदनाचे मैदान आयते मिळाले. "सर, तुम्ही कपात दोनदा दाखवलाव की!"

सर्वांत लोकप्रिय चूक हीच. पगारातली एनपीएस कपात फॉर्म १६ मध्ये दीड लाखाच्या मर्यादेत आधीच धरलेली असते; तीच रक्कम ८० सीसीडी (१बी)च्या पन्नास हजारांच्या जादा सवलतीत पुन्हा बसवली जाते. कपात दोन खान्यांत वाटून दाखवता येते, पण एकच रुपया दोन्हीकडे चालत नाही. दुसरी चूक हळवी आहे: स्वतःच्या पीपीएफमध्ये दीड लाख, शिवाय शाळकरी लेकीच्या पीपीएफमध्ये पन्नास हजार. कायद्याच्या लेखी दोन्ही खाती मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच. वरची रक्कम अर्ज केल्यावर परत मिळते, बिनव्याजी. म्हणजे मायेला पोस्टात मज्जाव नाही, फक्त व्याज नाही. एनपीएसच्या टियर २ मध्ये पैसे टाकून सवलत मागणारेही असतात; शिक्षकाला तिथे ती मिळत नाही.

उपाय कलम १३९(५)मध्ये आहे. २०२५च्या रिटर्नसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरता येत होते. त्यात मूळ रिटर्नचा पावती क्रमांक लागतो, तो जुन्या मोबाइलमध्ये राहिलेला असतो. फरकाचा कर व्याजासह भरायचा, पण रिफंड तोवर हरभऱ्याच्या बियाण्यात गेलेला असतो. डिसेंबरही हुकला तर अपडेटेड रिटर्न उरते: पहिल्या वर्षी कर व व्याजावर २५ टक्के जादा, चौथ्या वर्षी ७० टक्के. ते फक्त जास्त कर भरण्यासाठी असते. रिफंड वाढवायला चालत नाही, हे कळल्यावर गुरुजींचा उत्साह ओसरतो. ज्याने नव्या करप्रणालीत रिटर्न भरले आणि मग पीपीएफ आठवले, त्याचे दुखणे असाध्य समजावे: जुनी प्रणाली निवडायची ती मूळ मुदतीतच.

सुधारित रिटर्न ३० दिवसांत पडताळावे लागते. आधारचा ओटीपी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा मीटिंगमध्ये असतो. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपते आणि गुरुजी पुन्हा पहिल्यापासून बटण दाबतात.