शंभरातले नव्वद

आमच्या घरातलं इंटरनेट बंद पडत नाही, विचारात पडतं. वेग मोजावा तर १०० एमबीपीएस पुरेपूर. पण भाच्याने खेळात झाडलेली गोळी पोहोचेपर्यंत समोरचा जागा बदलून, यालाच आडवा करून मोकळा झालेला असतो. बायकोच्या मीटिंगमध्ये साहेब आ वासून थिजतात. चौकशीअंती कारण एकच निघतं: आई ब्रह्मकमळाचा व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर पाठवत असते.

इंटरनेटवाल्यांकडे यावर एकच औषध, २०० चा प्लॅन. त्याऐवजी मी माळ्यावरचा जुना डेस्कटॉप काढला, दुसरं लॅन कार्ड बसवलं, लिनक्स टाकलं आणि त्याचाच राउटर केला. बाबांनी लगेच हिशेब मांडला, “४० वॅट गुणिले २४ तास. दिवसाला जवळजवळ एक युनिट! आधीची डबी काय खात होती रे?” धूळ बसू नये म्हणून आईने वर क्रोशाचा रुमाल घातला. तो नेमका पंख्याच्या जाळीवर आला.

“मामा, आधी सी-स्टेट बंद कर,” भाच्याने फर्मावलं. काम नसलं की प्रोसेसर डुलकी काढतो आणि पॅकेट आलं की त्याला उठवण्यात वेळ जातो, म्हणून त्याची झोपच मोडायची. शिवाय लॅन कार्डालाही सवय असते, चार पॅकेटं जमल्याशिवाय प्रोसेसरला हाक मारायची नाही. तीही मोडली. या सगळ्यातून वाचले ते मायक्रोसेकंद. भाचा आता मायक्रोसेकंदभर उशिरा मरू लागला.

मग पॅकेटाच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजणारा पिंग पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरकडे लावून बसलो. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एकेरी प्रवासाला एक मिलिसेकंदही लागत नाही. लाइन रिकामी असताना पडद्यावर ५-६ मिलिसेकंद दिसत होते. आईचं ब्रह्मकमळ निघालं आणि आकडा हजारापार गेला. पॅकेट प्रवासात नव्हे, दारातच अडकत होतं. आमचं अपलोड १० एमबीपीएस. दीड हजार बाइटची हजार पॅकेटं पुढे उभी असली, तर मागच्याचा नंबर लागायला १.२ सेकंद जातात.

हे दुखणं जगभरचं आहे. स्वतःच्या घरच्या लाइनवर त्याचा छडा लावून जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याचं ‘बफरब्लोट’ असं बारसं केलं. मेमरी स्वस्त झाली म्हणून उपकरणांत मोठमोठे बफर आले आणि पॅकेट टाकून देण्यापेक्षा साठवून ठेवण्याची चाल पडली. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ आणलं. रांगेतला मुक्काम १०० मिलिसेकंदांच्या अवधीत ५ च्या खाली उतरलाच नाही, तर ते पॅकेटं टाकायला लागतं. पाठवणारा समजतो आणि हात आखडता घेतो. लिनक्समधलं ‘एफक्यू-कोडेल’ त्यापुढे जाऊन प्रत्येक प्रवाहाची रांगच वेगळी करतं.

अडचण एवढीच, की रांग सर्वांत अरुंद जागी लागते. ती जागा म्हणजे कंपनीने भिंतीवर ठोकलेली पेटी, आणि तिथे आपलं काही चालत नाही. म्हणून आपल्याच कॉम्प्युटरला मुद्दाम लाइनपेक्षा थोडं हळू करायचं: १० चे ९, १०० चे ९०. मग रांग घरात लागते आणि शिस्त आपली चालते.

“पैसे शंभराचे भरायचे आणि वापरायचे नव्वद?” बाबा कडाडले.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. मी म्हटलं, “बाबा, सोसायटीची चाळीस पासबुकं घेऊन एकच माणूस खिडकीशी उभा राहिला आणि मागच्याला फक्त सही दाखवायची असली, तर?”

“एका वेळी एकच पासबुक घ्यायचं. उरलेली घेऊन मागे जा म्हणायचं.” ते क्षणभर थांबले. “मग हे आधी नाही का सांगायचं!”

ब्रह्मकमळ आता रीतसर आपल्या रांगेतून जातं आणि पिंग दहाच्या आसपास राहतो. भाच्याची गोळी वेळेवर पोहोचते. नेमच चुकतो, हे त्यामुळे उघड झालं. साहेबही अखंड बोलतात. बायकोने अजून आभार मानलेले नाहीत.

तेव्हा मोठा प्लॅन घेण्याआधी एक करा. कॉम्प्युटर वायरने जोडा, पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडून एखादा जाडजूड व्हिडिओ चढवा. आकडा जागचा हलला नाही, तर दोष रांगेचा नाही, दुसरीकडे शोधा. उसळला, तर वेग विकत घेण्याआधी रांगेला शिस्त लावा. त्यासाठी कॉम्प्युटरच हवा असंही नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणारा साधा राउटरही हे करतो, आणि वीजही कमी खातो. बाबांना मात्र हे सांगू नका.